इंजिन बंद करता का?

सुरुवात आन्याच्या प्रश्नानं झाली. आन्या म्हणजे मृणालिनीची नात, वय वर्षं नऊ, राहायला आजीच्याच गावात, डॅलसजवळच्या प्लेनोमध्ये, हायवेवरून दोन एक्झिट पलीकडे. शाळेत तिचा व्हेलवर प्रोजेक्ट होता. आजी डॉक्टर, त्यामुळे आजीला सगळं येतच असणार, हे तिनं धरूनच ठेवलेलं. शनिवारी पोळी खाता खाता तिनं इंग्रजीत विचारलं,

"आजी, व्हेलचं ऑपरेशन करायचं झालं तर त्याला झोपवतं कोण?"

मृणालिनी अडतीस वर्षं भूलतज्ज्ञ होती. नागपूरला मेडिकल कॉलेज, मग डॅलसच्या एका मोठ्या हॉस्पिटलात सगळी नोकरी, आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्ती. माणसांना झोपवायचं आणि ती झोपलेली असताना त्यांच्या श्वासावर नजर ठेवायची, हे तिचं काम. तरीही हा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नव्हता आणि तिनं स्वतःलाही विचारला नव्हता.

"बघून सांगते," ती म्हणाली.

तिनं बघितलं आणि मग दोन दिवस बघतच राहिली. माणूस झोपला, बेशुद्ध पडला, तरी त्याचा श्वास आपोआप चालू असतो. व्हेलचं तसं नाही. त्याला प्रत्येक श्वास स्वतः ठरवून घ्यावा लागतो. म्हणून तो झोपतो तेव्हाही अर्धा मेंदू जागा ठेवतो. सरळ भूल देऊन पूर्ण झोपवला, तर तो श्वास घ्यायचाच राहील.

आन्याचा प्रोजेक्ट झाला, भिंतीवर लागला, उतरला. मृणालिनीच्या डोक्यातून मात्र व्हेल जाईना. ठरवून घेतलेला श्वास ऐकायला कसा वाटत असेल? यूट्यूबवर व्हिडिओ होते, पण प्रत्येकात बोटीचं इंजिन घरघरत होतं, नाहीतर माणसं "ओ माय गॉड" म्हणून ओरडत होती. तिला तो आवाज नीट ऐकायचा होता.

"मग अलास्काला जा की," राजीव म्हणाला. राजीव तिचा नवरा. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि तो सोफ्यावर पाय लांब करून बसलेला. "मी काही बोटीत चढू शकत नाही. विनीताला घेऊन जा. तिचं किती वर्षं चाललंय, ग्लेशियर बघायचं म्हणून."

विनीता राजीवची धाकटी बहीण. ॲरिझोनात चँडलरला चिप बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं प्रोसेस इंजिनियर. नणंद-भावजयीचं चांगलं होतं, पण ते दिवाळीला आणि लग्नकार्यात, माणसांनी भरलेल्या घरात. दोघीच कुठे चार दिवस राहिल्या आहेत, असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं.

विनीतानं फोनवर एका वाक्यात हो म्हटलं आणि तीन दिवसांनी स्प्रेडशीट पाठवलं.

"वहिनी, स्क्रीन दिसतेय ना तुला?" व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली. "सुअर्ड नावाच्या गावातून बोटी सुटतात. अर्ध्या दिवसाच्या मी काढूनच टाकल्या. पूर्ण दिवसाच्याच बोटी लांबच्या फ्योर्डपर्यंत, डोंगरांत घुसलेल्या खाडीपर्यंत, जातात आणि तिथे समुद्रात उतरणारे ग्लेशियर जास्त आहेत. मला बर्फ कोसळताना बघायचाय. एकशेपंधरा डिग्री फॅरनहाइटमध्ये आयुष्य गेलं माझं, नुसता पांढरा डोंगर बघून परत यायला मी नाही येणार."

शीटमध्ये तीन कंपन्या होत्या आणि अकरा कॉलम. किती तास, किती प्रवासी, बोटीची लांबी, टॉयलेट किती, जेवणात व्हेज आहे का, हवा खराब झाली तर काय. सगळ्यांचे मार्क धरून पहिली आली होती ती मोठी बोट. दीडशे माणसं, काचेच्या खिडक्या, गरम जेवण, चार टॉयलेटं. शेवटची आली होती ती छोटी बोट. बावीस माणसं, सँडविच आणि एक टॉयलेट.

"ठरलं मग," विनीता म्हणाली.

"थांब. व्हेल दिसला की ते इंजिन बंद करतात का?"

"ते कुठेच लिहिलेलं नाही."

"मग विचारते."

"वहिनी, असं कोण विचारतं यार?"

मृणालिनीनं विचारलं. मोठ्या बोटीच्या ऑफिसात एका मुलीनं फोन घेतला आणि ती गोंधळली. "मॅम, आमच्या बोटी एकदम सेफ आहेत, इंजिन कधीच बंद पडत नाही," असं तिनं दोनदा सांगितलं. दुसऱ्या कंपनीतल्या माणसाला प्रश्न समजला. तो म्हणाला, आम्ही वेग कमी करतो, पण वेळापत्रक असतं, बंद वगैरे नाही करत.

तिसऱ्या ठिकाणी फोन उचलणारी बाई म्हणाली, "होल्ड करा, कॅप्टन इथेच आहे." फोनवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग एक घोगरा बायकी आवाज आला.

"मी मार्गो. इंजिन कशाला बंद करायचं तुम्हाला?"

मृणालिनीनं सांगितलं. भूल, अर्धा मेंदू, नात, सगळं. आपण जरा जास्तच बोललो असं तिला वाटेपर्यंत सांगितलं.

"एकवीस वर्षं मी लोकांना व्हेल दाखवतेय," मार्गो म्हणाली. "शेपटी दिसेल का विचारतात. उडी मारेल का विचारतात. श्वासाचं तुम्हीच पहिल्या. हो, मी इंजिन बंद करते. समुद्र करू देईल तेव्हा. आणि माझे प्रवासी गप्प बसतील तेव्हा. तुम्ही किती वेळ गप्प बसू शकता?"

"ऑपरेशन थिएटरमध्ये नऊ तास बसले आहे."

"मग या."

विनीताला हे सांगितलं तेव्हा ती वैतागली. "बावीस माणसांत एक टॉयलेट, वहिनी. साडेआठ तास. आपलं वय काय?" पण तिच्यातली इंजिनियर तशी न्यायी होती. तिनं शीटमध्ये बारावा कॉलम टाकला, 'इंजिन', आणि मग स्वतःच्या प्रश्नासाठी तिन्ही ठिकाणी पुन्हा फोन फिरवले. बर्फ कोसळताना दिसेल याची शक्यता किती? मोठ्या बोटीवाली म्हणाली, जवळपास शंभर टक्के. दुसरा म्हणाला, आमच्याकडे सगळे खूश होऊनच जातात. मार्गो म्हणाली, "एखाद्या दिवशी दहा वेळा कोसळतो, एखाद्या दिवशी एकदाही नाही. मागच्या आठवड्यात दोन दिवस काही नाही. खोटं कशाला सांगू?"

त्या संध्याकाळी विनीताचा मेसेज आला. "छोटी बुक केली. शंभर टक्के म्हणणाऱ्यांवर मी कामातही कधी विश्वास ठेवला नाही."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्या दोघी अँकरेजहून ट्रेननं सुअर्डला उतरल्या. धक्क्यावर माशांचा आणि डिझेलचा वास, पाण्यात बोटींच्या रांगा, आणि गावाच्या पाठीशी एवढे सरळ उभे डोंगर की विनीता मान वर करून नुसती बघत राहिली. सकाळी निघण्याआधी मृणालिनीनं बोट लागू नये म्हणून गोळी पुढे केली.

"त्यानं झोप येते ना? झोपून ग्लेशियर बघू का मी?" विनीता म्हणाली. तिनं चँडलरहून आलेपाक करून आणला होता. एक वडी तोंडात टाकून ती निघाली.

मार्गो साठीची होती, कानांवर लोकरी टोपी, हाताला ग्रीसचे डाग. यादीतली नावं वाचताना ती मृणालिनीच्या नावाशी थांबली. "इंजिनवाल्या डॉक्टर?"

"मीच."

"आज बाहेर वारा आहे. बघू काय जमतं."

पहिला तास खाडीतला होता, आणि पाणी ताटासारखं होतं. समुद्री पाणमांजरं पाठीवर पडून पोटावर दगड ठेवून शिंपला फोडत होती. खडकांवर पफिन होते, नारिंगी चोचीचे, जे उडायला लागले की आता पडतील असंच वाटावं. विनीता एका कडेवरून दुसऱ्या कडेला पळत होती. ते पाणमांजर दगड एरवी कुठे ठेवतं, पफिन एवढासा पंख घेऊन पाण्याखाली कसा पोहतो, असे प्रश्न ती कुणालाही विचारत होती. काखेतल्या कातडीच्या खिशात, असं ओहायोच्या एका गृहस्थानं सांगितल्यावर तिनं ते फोनमध्ये लिहूनही घेतलं. मृणालिनीला हसू आलं. हिला आपण इतकी वर्षं फक्त हिशेबी समजत होतो.

मग खाडी संपली. भूशिराला वळसा घालताच बोट वर गेली, आणि खाली आली, आणि तेच करत राहिली. वीस मिनिटांत विनीता मागच्या कठड्याशी कागदी पिशवी घेऊन बसली होती. तोंडावर पाण्याचे शिंतोडे, ओठ पांढरे.

"काय होऊन राहिलं तुला?" मृणालिनी म्हणाली. घाबरली की तिच्या तोंडात नागपूर यायचं. "श्वास घे. क्षितिजाकडे बघ. माझ्याकडे नको, लांब बघ."

"क्षितिजच हलतंय."

मृणालिनीनं तिची पाठ धरली. मनगटावर बोटं ठेवून नाडी पाहिली. नाडी चांगली होती. पण मन खायला लागलं. मोठी बोट असती तर इतकी हलली नसती. "मी आणलं तुला या बोटीत. माझ्या हट्टापायी."

"माझ्या स्प्रेडशीटनं आणलं," विनीता म्हणाली, आणि पुन्हा पिशवीत वाकली.

तेवढ्यात बोटीचा वेग उतरला. मार्गो केबिनमधून अर्धी बाहेर आली आणि तिनं उजवीकडे हात केला. लांब, राखाडी पाण्यावर, पांढऱ्या वाफेचा एक झुडपासारखा गोळा उठला आणि वाऱ्यानं वाकडा झाला. हंपबॅक जातीचा व्हेल. सगळे त्या कडेला आले. पण मार्गो व्हेलकडे बघत नव्हती, ती मागच्या कठड्याकडे बघत होती.

ती खाली आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "तो आपल्याच बाजूला येतोय. इंजिन बंद केलं तर ऐकू येईल. पण बंद केलं की बोट लाटांना आडवी होणार आणि आत्ताच्या दुप्पट डोलणार. चार जणांना बोट लागलीय. त्यांचं हो आल्याशिवाय मी हात लावणार नाही."

ओहायोच्या गृहस्थांनी डोळे न उघडता अंगठा वर केला. एका आईनं आणि तिच्या तरुण मुलीनं एकमेकींकडे बघून मान हलवली. राहिली विनीता.

"नको," मृणालिनी घाईनं मार्गोला म्हणाली. "चालू राहू द्या. मला दिसला, पुरे झालं."

"वहिनी, तू जरा गप्प बस." विनीतानं मान वर केली. चेहरा हिरवट झाला होता, पण आवाज मीटिंगमधला होता. "किती मिनिटं?"

"तीन," मार्गो म्हणाली.

"तीनच. मी घड्याळ लावते."

घरघर थांबली. इतका वेळ ती होती हे ती गेल्यावर कळलं. मग वारा, कठड्यावर आपटणारं पाणी, कुणाच्या तरी जॅकेटची चेन. बोट हळूहळू आडवी फिरली आणि खरोखरच डोलायला लागली. आत कुठेतरी एक कप घरंगळत गेला. बावीस माणसं गप्प होती. मृणालिनीचा एक हात कठड्यावर होता, दुसऱ्या हातानं तिनं विनीताची लाइफ जॅकेटची पट्टी घट्ट धरली होती.

आणि शंभर-सव्वाशे हातांवर पाणी फुगलं, काळी पाठ वर आली, आणि आवाज आला.

तिला वाटलं होतं तसा तो शांत नव्हता. मोठ्या ट्रकच्या टायरमधली सगळी हवा एकदम सोडावी तसा तो फुटला. पण तिला दचकवलं ते त्याच्या मागून लगेच आलेल्या दुसऱ्या आवाजानं. तो श्वास आत घेण्याचा होता. रिकाम्या हंड्यात तोंड घालून कुणी हवा ओढावी तसा, खोल, घुमणारा. व्हिडिओत तो कधीच आला नव्हता, इंजिनाखाली बुडून गेलेला असणार. बाहेर आणि आत, सगळं मिळून दोन सेकंद. मग डोक्यावरच्या नाकपुडीची झडप मिटली आणि पाठ पाण्यात गेली.

ती मोजायला लागली. सवयच ती. बावीस सेकंद. पुन्हा तेच. एकोणीस सेकंद. पुन्हा. तिसऱ्या वेळी तिच्या ध्यानात आलं आणि अंगावर काटा आला. माणूस श्वास सोडतो आणि मग थांबतो. हा घेतो आणि मग थांबतो. भरून घेऊन थांबतो. अडतीस वर्षं तिनं जी छोटीशी विश्रांती मॉनिटरवर पाहिली होती, ती इथे उलट्या जागी होती. आणि पहिल्यांदाच ती एक श्वास असा ऐकत होती, जो थांबला तर तिला काही करायचं नव्हतं. तो त्याचा तो बघणार होता.

चौथा श्वास सगळ्यात जवळ पडला. वाफ वाऱ्याबरोबर सरळ बोटीवर आली, बारीक तुषार होऊन चेहऱ्यावर बसली. आणि तिचा वास! कुजलेली मासळी आणि उकळलेला कोबी.

"अगं आई गं," विनीता म्हणाली, "याला कुणीतरी दात घासायला सांगा," आणि पिशवी गच्च धरून पुन्हा ओकली. ओकता ओकता हसत होती. तिच्या शेजारची मुलगीही हसायला लागली, मराठी एक अक्षर न कळता. तिकडे पाठ उंच कमानीसारखी वाकली, शेपूट वर आली, पाणी गाळत क्षणभर उभी राहिली आणि खाली गेली. आता कॅमेरे वाजले.

विनीताच्या मनगटावरचं घड्याळ किणकिणलं. "तीन," ती म्हणाली. मार्गोनं इंजिन चालू केलं.

फ्योर्डमध्ये शिरल्यावर लाटा अशा बंद झाल्या, जणू कुणी दार लावलं. तासाभरात विनीताच्या गालांवर रंग आला. तिनं चार बिस्किटं खाल्ली, मग मृणालिनीचं सँडविच मागितलं. पाण्यावर बर्फाचे तुकडे दिसायला लागले, आधी विटेएवढे, मग मोटारीएवढे, आणि काहींवर सील झोपलेले. त्या तुकड्यांच्या टोकाला ग्लेशियर होता. मृणालिनीला तो पांढरा दिसेल असं वाटलं होतं. तो निळा होता, भेगाभेगांतून निळा, आणि वरून मळका.

मार्गोनं इथे कुणालाही न विचारता इंजिन बंद केलं. पाण्यातला बर्फ तडतडत होता, कढईत मोहरी पडावी तसा.

"जुनी हवा आहे ती," विनीता म्हणाली. ती कठड्याशी अगदी पुढे उभी होती, टोपी मागे सरकलेली. "बर्फ झाला तेव्हा अडकलेली. शेकडो वर्षांची. बर्फ वितळला की सुटते. मी वाचून आलेय."

पंचवीस मिनिटं काही कोसळलं नाही. कुणी आत जाऊन कॉफी घेऊन आलं. विनीता हलली नाही.

"विनीता," मृणालिनीनं विचारलं, "तू हो का म्हणालीस मघाशी?"

"काय फरक पडणार होता? इंजिन चालू होतं तेव्हाही मी ओकत होते. बंद केल्यावरही ओकणारच होते." ती बर्फावरची नजर न काढता बोलत होती. "मग निदान तुझं काम तरी होऊ दे. आणि खरं सांगू? मलाही ऐकायचं होतं. तू फोनवर महिनाभर त्याच्याबद्दल बोलत होतीस."

तेवढ्यात डाव्या बाजूचा एक सुळका, चांगला सहा मजली, काहीही आवाज न करता भिंतीपासून सुटला. तो पाण्यात अर्धा बुडाला तरी शांतताच. विनीतानं मृणालिनीचा दंड पकडला. मग गडगडाट आला, डोंगरांवर आपटून परत आला, आणि बोट येणाऱ्या लाटेवर संथपणे वर-खाली झाली.

"अडीच सेकंद!" विनीता ओरडली. "वहिनी, अडीच सेकंदांनी आला आवाज! म्हणजे साडेआठशे मीटर!" तिचे डोळे भरून आले होते आणि तिला ते पुसायचं भान नव्हतं.

तासभर त्या तिथे थांबल्या. आणखी दोनदा छोटे तुकडे पडले. परतीच्या वाटेवर विनीतानं मुकाट्यानं गोळी घेतली. वारा पडला होता. लाटा आता मोठ्या पण गोल होत्या. मृणालिनी केबिनच्या दारात मार्गोजवळ जाऊन उभी राहिली.

"सापडलं का हवं ते?" मार्गोनं विचारलं.

"सापडलं. पण आता दुसरं विचारायचंय. प्रत्येक श्वास ठरवून घ्यायचा, तर पिल्लू पहिला श्वास कसा ठरवतं? पाण्याखाली जन्मतं ना ते? त्याला सांगतं कोण?"

मार्गोनं चाक धरून जरा विचार केला. "म्हणतात की आई त्याला ढकलून वर आणते. पण ती पिल्लं इथे नाही होत, हवाईकडे होतात, हिवाळ्यात. मी पाहिलेलं नाही. आणि पहिला श्वास जवळून पाहिलाय असं सांगणारा मला अजून कुणी भेटला नाही."

"हवाईला बोटी असतात का?"

"भरपूर."

मागच्या बाकावरून विनीताचा आवाज आला. डोळे मिटलेले होते, गोळीनं जीभ जड झाली होती. "जानेवारी की फेब्रुवारी ते नीट विचार, वहिनी. आणि टॉयलेट किती तेही."